उपासनेत गावे कोणी?

मिस्सा सुरू होण्यापूर्वीची पाच-दहा मिनिटे हा उपासनेचाच भाग आहे, असे जुनी माणसे मानीत आणि तेवढा वेळ गुडघ्यांवर बसून काढीत. हल्ली त्या मिनिटांत चर्चमध्ये जो पहिला मानवी शब्द उमटतो तो बहुधा 'हॅलो' हा असतो. ध्वनिक्षेपकाची चाचणी होते, की-बोर्डवाला चार सूर वाजवून पाहतो, गायकवृंदातील मुली एकमेकींच्या वह्यांत डोकावतात. मग घंटा वाजते, प्रवेशगीत सुरू होते, आणि बाकांपाशी उभी असलेली तीन-चारशे माणसे ते ऐकू लागतात.

'ऐकू लागतात' हे क्रियापद मी जाणूनबुजून वापरले आहे. आपल्या वसईतील गायकवृंदांनी गेल्या तीन-चार दशकांत जी मजल मारली तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. मी स्वतः अकरा वर्षे एका गायकवृंदात उभा राहिलो आहे. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते घरातल्याने घराविषयी लिहावे तसे लिहितो आहे. आमच्या पिढीला दोन आवाजांत धड गाता येत नव्हते, आजची मुले चार आवाजांत गातात. वाद्यमेळ सुधारला, सरावाला शिस्त आली. मात्र याच काळात बाकांवरचा आवाज खाली खाली येत गेला. या दोन गोष्टी एकाच वेळी घडाव्यात हा निव्वळ योगायोग नव्हे, असे माझे मत झाले आहे. उपासनेतील गायनाचे नेतृत्व म्हणजे काय, याविषयीची आपली समजूतच कोठेतरी चुकली असावी.

'पूर्वी सगळे गात असत' असे म्हणण्याची आपल्याला एक गोड सवय आहे. मिस्साच्या बाबतीत ती खरी नाही. लॅटिन मिस्साच्या काळात धर्मगुरू लोकांकडे पाठ करून वेदीशी मंद स्वरात प्रार्थना म्हणत, मागल्या माळ्यावरून मोजके गायक लॅटिन गीते गात आणि खाली लोक आपापली जपमाळ ओढीत. लोक तेव्हाही गप्पच होते; फरक इतकाच, की गप्प राहण्याला तेव्हा एक कारण होते. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियाच्या सणाच्या दिवशी, धर्मसंगीताविषयी जो आदेश काढला त्यात लोकांच्या सक्रिय सहभागाची भाषा आली. (त्याच आदेशाने स्त्रियांना गायकवृंदात स्थान नाकारले होते, हेही सांगायला हवे. आज आपल्या धर्मग्रामांतील गायकवृंदांतून मुली वजा केल्या तर किती आवाज उरतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.) पुढे साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचे संविधान २१४७ विरुद्ध ४ अशा मतांनी संमत केले. लोकांचा पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभाग हा त्यांना बाप्तिस्म्याने मिळालेला हक्क आहे आणि कर्तव्यही, असे त्या संविधानाचे म्हणणे आहे. येथे 'हक्क' या शब्दापाशी थोडे थांबावे. गायकवृंद लोकांना गाण्याची संधी देत असतो, अशी आपली बोलण्याची पद्धत आहे. जे मुळात लोकांचेच आहे ते त्यांना संधी म्हणून कसे देता येईल? फार तर ते अडवून धरता येते.

या संविधानाची अंमलबजावणी संगीतात कशी करावी, हे सांगणारी 'मुसिकाम साक्राम' नावाची सूचना रोमहून ५ मार्च १९६७ रोजी निघाली. आपल्याकडे ती फारशी कोणी उघडून पाहिलेली दिसत नाही. तिच्यात मिस्सामधील गायनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवर धर्मगुरूंचे अभिवादन आणि त्याला लोकांनी द्यायचे उत्तर, अर्पणाच्या महाप्रार्थनेपूर्वीचा संवाद, 'पवित्र, पवित्र' हा घोष, प्रभूची प्रार्थना असे भाग येतात. म्हणजे वेदी आणि बाके यांच्यातील देवाणघेवाण. दुसऱ्या पायरीवर दयायाचना, गौरवगीत, श्रद्धाप्रकटन, विश्वासूंच्या विनंत्या. आणि प्रवेशाच्या व ख्रिस्तप्रसादाच्या वेळची गीते येतात ती तिसऱ्या पायरीवर. पहिली पायरी सोडून दुसरी वा तिसरी घेऊ नये, असाही स्पष्ट दंडक तेथे घातला आहे.

आता आपल्या रविवारच्या मिस्साकडे पाहावे. आपण तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतो आणि बहुधा तेथेच मुक्काम करतो. प्रवेशगीताची चार कडवी होतात, अर्पणगीत होते, ख्रिस्तप्रसादाच्या वेळी तीन-तीन गीते होतात. आणि धर्मगुरूंनी हात पसरून केलेल्या अभिवादनाला मात्र आपण बसस्थानकावर ओळखीच्या माणसाला द्यावे तसे उत्तर देतो. जे गाण्यासाठी आहे ते आपण पुटपुटतो. ज्या गीतांसाठी नवी चाल, नवा ठेका आणि पाच आठवड्यांचा सराव लागतो, ती गीते मात्र लोकांनी उचलून धरावीत अशी अपेक्षा करतो. एका ओळीचा प्रतिसाद आजीबाईंनाही पाठ असतो. त्याची चाल एकदा गळ्यात बसली की वह्या लागत नाहीत आणि हल्ली भिंतीवर शब्द उमटवणारा पडदाही लागत नाही. उपासनेची रचना करणाऱ्यांनी जिना खालून वर बांधला होता, आपण तो वरून चढायला निघालो आहोत.

मग आपली माणसे मुळात गाणारीच नाहीत काय? यावर माझ्यापाशी एकच दाखला आहे, पण तो भक्कम आहे. मे महिन्याच्या संध्याकाळी गावातील क्रूसापुढे लदीन होते, तेथे उभे राहून पाहावे. पवित्र मरियेची ती लितानी, तीही लॅटिनमध्ये. अर्थ शब्दशः कळणारी माणसे दहांत एकही नसावीत. उच्चार तर असे घासून-पुसून आपलेसे झालेले, की रोमच्या माणसाला ती कुठली भाषा हेच उमगू नये. पण एक जण मरियेचे एकेक नामाभिधान उच्चारतो आणि सारा गाव त्या तीन ठरलेल्या शब्दांनी एकमुखाने उत्तर देतो. उत्तराचा आवाज नेहमी हाकेपेक्षा मोठा. चणे वाटपाची वाट पाहत खांबाला टेकलेली पोरेसुद्धा त्यात असतात.

माझे वडील आमच्या आळीत लदीन सांगत. केळीच्या बागेत राबणारा माणूस, शाळा चौथीपर्यंत. त्यांना सरगम ठाऊक नव्हती, की स्वरलिपी कशाशी खातात हे माहीत नव्हते. परंतु सुरुवात करण्यापूर्वी ते जमलेल्या माणसांवरून एकदा नजर फिरवीत. घरी येताना एकदा मी विचारले, "आज एवढी खाली का धरली?" ते म्हणाले, "आज म्हाताऱ्या जास्त होत्या." दुसरी एक गोष्ट मला फार उशिरा, स्वतः गायकवृंदात उभा राहिल्यावर उमगली. लोकांचे उत्तर सुरू झाले की वडील गप्प राहत. आमच्या गायकवृंदाचा नेता मात्र लोकांची ओळही ध्वनिक्षेपकात तोंड घालून सर्वांत मोठ्याने गाई, आणि मग तक्रार करी की लोक साथ देत नाहीत. त्याच्या आवाजाखाली कोण साथ देते आहे आणि कोण नाही, हे त्याला कळणार तरी कसे?

वडील गेले तेव्हा अंत्यविधीच्या मिस्साला गायकवृंद आला. चांगला गायला, त्यात कमी-जास्त बोलण्यासारखे काही नाही. मात्र वडिलांबरोबर पन्नास वर्षे लदीन म्हटलेली माणसे त्या दीड तासात हाताची घडी घालून बसली होती. चर्चमधून दफनभूमीकडे निघालो तेव्हा वाद्ये मागे राहिली आणि शेजारच्या एका वयस्क बाईंनी, कोणी न सांगता, चालता चालता सुरुवात केली. फाटकापर्यंत सगळे गात होते. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात घर करून बसला आहे.

गाण्याच्या पट्टीबद्दल थोडे अधिक बोलायला हवे, कारण नव्वद टक्के नेतृत्व तेथे ठरते आणि त्याची चर्चा मात्र कोणी करीत नाही. पांढरी एक धरून षड्ज लावला तर वरच्या सप्तकातला रिषभ ही सर्वसामान्य, न शिकलेल्या गळ्याची वेस आहे. पुरुषांची त्यांच्या सप्तकात, स्त्रियांची त्यांच्या. वेशीच्या पलीकडे एखाद-दुसरा सूर क्षणभर जाऊन आला तर चालते. गीत तेथेच वस्तीला राहिले तर पुरुष एकतर खालच्या सप्तकात घुटमळतात किंवा तोंड मिटतात. आपल्या बऱ्याच नव्या चाली गळा तयार असलेल्या मुलींच्या आवाजाला शोभतील अशा बांधलेल्या असतात. त्यात अंतऱ्याला उंच उडी असते, शेवटी एखादी तान असते, आणि दोन कडव्यांच्या मध्ये वाद्यांचा तुकडा असतो. त्या तुकड्यानंतर नेमके केव्हा उचलायचे हे बाकावरच्या माणसाला कधीच कळत नाही. दोनदा चुकीच्या जागी सुरुवात करून शेजाऱ्यांच्या नजरा झेलल्या, की तिसऱ्यांदा तो भला माणूस गप्प राहणे पसंत करतो.

शब्दांचेही तसेच. पाश्चात्त्य स्तोत्रांच्या चालींवर मराठी शब्द बसवण्याचा मोह आपल्याकडे जुना आहे. त्या चाली ज्या भाषांत जन्मल्या त्यांत शब्दाच्या एखाद्या अवयवावर आघात पडतो आणि चाल त्या आघाताला धरून चालते. मराठीचे वजन ऱ्हस्व-दीर्घावर तोललेले असते. 'दया', 'कृपा', 'प्रभू' हे आपल्या भक्तीतील नित्याचे शब्द. तिन्हींत पहिले अक्षर ऱ्हस्व आणि दुसरे दीर्घ आहे. चालीने पहिल्याच अक्षराला ताणले की 'दऽया' होते, 'कृऽपा' होते. वाचताना ओळखीचा वाटणारा शब्द गाताना परका होतो आणि जिभेला नकळत ठेच लागते. त्यातच गीतकाराने 'करुणासागरतारणहारा' असला जोडगाड्यांचा तांडा एका दमात नेला, तर घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्या माणसाने त्यामागून धावावे तरी किती? लग्नघरी त्याच माणसांच्या आया-बहिणी बोलीतील गाणी घेऊन बसतात तेव्हा कोणाला वही लागत नाही. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती झेलायची.

ही टाकण्या-झेलण्याची रीत आपल्या भूमीत पुरेपूर मुरलेली आहे. भजनात बुवांची ओळ टाळकऱ्यांनी परत म्हटल्याशिवाय पुरी होत नाही. आणि आरती! मराठी घरात आरती सुरू झाली की खोलीतील एकही तोंड मिटलेले नसते. सूर नसलेलाही टाळ्या वाजवून आपली जागा भरतो. भारतातील उपासनेसाठी जी बारा अनुकूलने रोमने २५ एप्रिल १९६९ रोजी मान्य केली त्यांत आरतीचा समावेश होता. ती आपल्याकडे आली, पण अनेक ठिकाणी तिचे झाले काय? ध्वनिमुद्रित संगीत लागते, एकसारख्या साड्या नेसलेल्या मुली ताटे घेऊन पदन्यास करीत वेदीकडे येतात, लोक पाहतात आणि मागच्या बाजूला कोणीतरी मोबाईल उंच धरतो. जिच्यात गप्प राहणे मराठी माणसाला जमतच नाही अशी एकुलती एक गोष्ट आपण आणली, आणि तिच्यातही लोकांना गप्प करून दाखवले.

फादर थॉमस स्टीफन्स यांना हे मर्म चारशे वर्षांपूर्वी कळले होते. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या जेझुइट धर्मगुरूने १६१६ साली गोव्यात ख्रिस्तपुराण छापले तेव्हा त्याला लॅटिन वृत्ते घोळवता आली असती. त्याने निवडली ओवी. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत आणि रोमन लिपीत. ओवी ही गळ्याची परीक्षा घेत नाही. तिच्या चरणांत अक्षरे कमी-अधिक झाली तरी चालते, श्वास संपतो तेथे चरण संपतो आणि यमक पुढची ओळ आठवून देते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसांपुढे म्हणण्यासाठी याहून सोयीचा छंद त्याला सापडला नसता. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) प्रॉटेस्टंट मंडळ्यांत भजन-कीर्तनाची वाट प्रशस्त केली. त्यांची काही गीते आपल्याही चर्चमधून गायली जातात. मला नेहमी असे वाटते, की स्टीफन्सच्या ओवीचा आपण अभिमान बाळगतो खरा, पण तो व्याख्यानापुरता. रविवारी सकाळी तो वारसा घरी ठेवून येतो.

सगळा दोष गायकांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. उपासनेचे अध्यक्षपद धर्मगुरूंकडे असते आणि त्यांच्या आवाजाला लोक पटकन प्रतिसाद देतात. अभिवादन गाऊन केले तर उत्तर गाऊनच येते. येथे गोड गळ्याची अट नाही. परंतु बहुतेक धर्मगुरू 'मला गाता येत नाही' म्हणून मोकळे होतात आणि प्रवचनाआधी, प्रवचनानंतर व समारोपापूर्वी बोलत मात्र राहतात. त्यांच्या जोडीला आता निवेदक आले. प्रत्येक विधीच्या आधी सभागृहातल्यासारखे सूत्रसंचालन चालते. वाचकांविषयी एवढेच सांगतो, की मिस्साला पाच मिनिटे उरली असताना ज्याच्या हाती वाचन सोपवले जाते, तो ते स्वतःच प्रथम ऐकत असतो.

आणि शांतता. पश्चात्तापाच्या वेळी, 'आपण प्रार्थना करू या' या आवाहनानंतर, वाचन व प्रवचन संपल्यावर, ख्रिस्तप्रसाद स्वीकारल्यावर अशा चार ठिकाणी मिस्साविधीत शांततेला जागा आहे. ती शांतता म्हणजे कोणीतरी काहीतरी विसरल्याची खूण आहे असे मानून गायकवृंद तत्परतेने ती भरून काढतो. खरे तर तीही लोकांनी मिळून करायची गोष्ट आहे. तिलाही नेतृत्व लागते, आणि ते करणाऱ्याला काही न करता उभे राहण्याचे धैर्य लागते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ऐकणे हाही सहभाग नव्हे काय? आहे. वर उल्लेखिलेल्या १९६७ च्या सूचनेनेच म्हटले आहे, की गायकवृंद गात असताना ऐकणाऱ्याचे मन देवाकडे वळते आणि तोही सहभागच होय. नाताळच्या रात्री चार आवाजांतले एखादे गीत ऐकताना माझेही डोळे भरून आले आहेत. ख्रिस्तप्रसादानंतर एखादे गीत गायकवृंदाने एकट्याने गावे, जरूर गावे. पण लोकांना पूर्णपणे वगळून सारे गायन गायकवृंदाच्याच स्वाधीन करण्याची प्रथा त्याच सूचनेने अमान्य ठरवली आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. पाचांपैकी एक गीत ऐकणे ही ध्यानधारणा. पाचही ऐकणे हा कार्यक्रम.

२०२० साली टाळेबंदीत चर्चची दारे बंद झाली आणि मिस्सा मोबाईलच्या पडद्यावर आली, तेव्हा ही सवय पक्की झाली. त्या दिवसांत आमच्या घरात पडद्यासमोर बसून कोणी मोठ्याने 'आमेन' म्हटल्याचे मला आठवत नाही. पुढे दारे उघडली, माणसे परतली. अजून काही जण बाकावर तसेच बसतात, पडद्यासमोर बसल्यासारखे.

करता येण्यासारखे फार काही कठीण नाही. लोकांची ओळ आली की नेत्याने ध्वनिक्षेपकापासून एक पाऊल मागे घ्यावे. गायकवृंद वेदीच्या शेजारी मंचावर आला तेव्हापासून त्याचा आवाज लोकांच्या अंगावर येतो. तो पुन्हा मागे, जुन्या माळ्याखाली किंवा बाकांमध्येच उभा राहिला, तर तोच आवाज पाठीशी येईल. नवे गीत आणायचे असेल तर मिस्साआधी पाच मिनिटे लोकांना ते शिकवावे. 'हॅलो'च्या चाचणीला जी मिनिटे जातात तीच मिनिटे. आणि वर्षभरात चार नव्या गीतांऐवजी एका प्रतिसादाची चाल सर्वांच्या गळ्यात बसवावी.

मागे एका भक्तिगीत स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावले होते. गुणपत्रिकेत सूर, ताल, शब्दोच्चार, वाद्यमेळ, वेशभूषा असे रकाने होते. मी संयोजकांना सुचवले, की 'श्रोते किती गायले' असा आणखी एक रकाना ठेवावा, दहाच गुणांचा का होईना. संयोजक भले गृहस्थ होते. त्यांनी सूचना लिहून घेतली आणि अडचण सांगितली: स्पर्धेच्या वेळी श्रोत्यांनी गाऊ नये, असा नियम आहे. मी पाच रकान्यांत गुण भरले. पहिला क्रमांक ज्या संघाला गेला, त्याच संघाने दुसऱ्या रविवारी आमच्या मिस्साला तेच गीत म्हटले, आणि फारच सुंदर म्हटले.